नुसते ओठ हलव

चौगुले बाईंनी ते बटण पाच वेळा दाबलं होतं. सोमवारी एकदा, मंगळवारी एकदा, असं करत शुक्रवारपर्यंत. प्रत्येक वेळी फार तर अर्धा सेकंद लागला असेल. आणि आज महिन्याभरानं, फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडताना, त्यांच्या अंगठ्याला काही चैन नव्हती. खडू धरला की अंगठा दाबला जायचा आणि खडूचा तुकडा पडायचा. तीन खडू झाले. पोरं हसायला लागली.

कारण तिसऱ्या बाकावरची ईश्वरी मगदूम आज लंगडत वर्गात आली होती.

‘‘काय गं, पडलीस काय?’’

‘‘न्हाई बाई. गुडघा सुजलाय. काल हा होता, आज ह्यो.’’ ईश्वरीनं आधी डावा गुडघा दाखवला, मग उजवा. कशी हसत होती बघा, जणू गुडघे तिच्याशी लपंडाव खेळत होते.

बाईंनी दोन्ही गुडघे पाहिले. पण पाचवीच्या वर्गात बत्तीस पोरांसमोर शिक्षकानं काय करायचं असतं? ‘‘वाढीचं दुखणं असेल, आईला तेल चोळायला सांग,’’ असं त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. हे वाक्य त्यांना पुढं फार महागात पडणार होतं.

आता ते बटण कसलं, ते सांगायला हवं.

रेणुकानगर ही यंत्रमागांची वस्ती. पत्र्याच्या शेडमध्ये माग आणि शेडच्या मागं एकेका खोलीत सात-आठ माणसं. अशा दाटीत एक जंतू फार सुखानं नांदतो. स्ट्रेप्टोकोकस त्याचं नाव. एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या घशात, दुसऱ्याच्या पेल्यातून तिसऱ्याच्या. घसा दुखतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत पोरगं बरं होऊन खेळायला पळतं. आई म्हणते, संपलं. खरं तर तिथून सुरू होतं. त्या जंतूशी लढायला शरीर हत्यारं घडवतं, आणि या जंतूच्या आवरणाचे काही तुकडे आपल्या हृदयातल्या झडपांशी मिळतेजुळते असतात. काही मुलांच्या अंगात ही हत्यारं गल्लत करतात. दोन-तीन आठवड्यांनी ती आपल्याच सांध्यांवर आणि आपल्याच हृदयावर तुटून पडतात. सांधे बरे होतात, एक सुजतो, तो उतरला की दुसरा. झडपेला मात्र व्रण पडतो. पुन्हा जंतू आला की पुन्हा व्रण. विशीत पोचेपर्यंत पोरगी जिना चढताना दम लागून खाली बसते. आणि हे सगळं टाळायला काय लागतं? घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन. बस्स. अवघड एवढंच, की शंभर दुखऱ्या घशांतला नेमका कोणता, हे ओळखायचं कुणी?

ते ‘स्वरदर्शी’ ओळखायचा. दोन हजार सदतीस साली जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत तो बसला. परिपाठाच्या हॉलमध्ये भिंतींवर सहा काळ्या चकत्या, पोरांच्या भाषेत ‘कान’. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना चालू असताना हे कान शंभर आवाजांतून एकेक आवाज वेगळा काढत. महिन्याभरात प्रत्येक पोराचा आवाज त्यांना पाठ झाला होता. घशाला सूज आली की आवाजाचे बारीक पदर बदलतात. माणसाला ते ऐकू येत नाहीत. कानांना येत. आजचा आवाज कालच्याशी ताडून बघत आणि शिक्षकाच्या फोनवर नावापुढं रंग उमटे. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे घशात कापसाचा बोळा फिरवून पट्टीवर तपासा, दोन रेघा आल्या की गोळ्या सुरू आणि पोरगं दोन दिवस घरी. ओरडून बसलेला घसा वेगळा आणि जंतूनं सुजलेला घसा वेगळा, हेसुद्धा कानांना कळायचं.

चौगुले बाईंना ते कळत नव्हतं. आणि आपल्याला कळत नाही, हेही त्यांना कळत नव्हतं. शाळेत गाणंही त्याच शिकवत, आणि गाण्यातल्या माणसाचं असंच असतं. घशाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं त्याला वाटतं.

आणखी एक रंग होता. करडा. पोरगं हजर आहे, पण त्याचा आवाज ऐकूच आला नाही. अशा वेळी शिक्षकानं टॉर्च आणि चमचा घेऊन घसा बघायचा आणि ‘पाहिला, ठीक’ हे बटण दाबायचं.

तर ते हे बटण.

समूहगीत स्पर्धेच्या आधीचा सोमवार. रेणुकानगरची शाळा तीन वर्षं लागोपाठ दुसरी आलेली. गाणं बाईंनीच रचलेलं, चालही त्यांचीच, आणि मधल्या कडव्यात एक ओळ एकटीनं घ्यायची होती. ती ईश्वरीची. आईबरोबर मागाच्या शेडमध्ये वाढलेल्या पोरीचा आवाज खडखडाटाच्या वरून जायला शिकलेला, खणखणीत आणि सुरेल.

‘‘बाई, घसा दुखतोय. गिळताना लागतंय.’’

‘‘रियाज जास्त झाला बघ तुझा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता आवाज जपायचा. ज्येष्ठमधाची काडी देते, ती चघळ. परिपाठात गायचं नाही. नुसते ओठ हलव.’’

‘‘मी गातो की, बाई. हळू गातो.’’ इकडच्या मुली ‘गातो’च म्हणतात.

‘‘नको म्हटलं ना. आणि आईला सांगत बसू नकोस. कानांनी लाल दाखवलं तर दोन दिवस घरी बसवतील. मग ती ओळ कोण घेणार, मी?’’

ईश्वरी खुदकन हसली. दोघींचं गुपित झालं. पाच दिवस ती पुढच्या रांगेत उभी राहून ओठ हलवत राहिली, पाच दिवस तिचं नाव करडं आलं, आणि पाच दिवस बाईंनी टॉर्च न काढता बटण दाबलं. करडं का आलं ते त्यांना माहीतच होतं! गुरुवारी घसा दुखायचा थांबला. शुक्रवारी दुपारी ईश्वरीनं ती ओळ अशी घेतली की परीक्षकाच्या हातातलं पेन थांबलं. ढाल शाळेत आली. हेडसर खोतांनी पेढे वाटले.

घसा बरा झाला म्हणजे बाईंचं निदान बरोबर होतं, नाही का? त्यांना तसंच वाटलं होतं. लंगडणारी पोरगी बघेपर्यंत.

ईश्वरीची आई रेश्मा मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. तिनं दोन दिवस इमानेइतबारे तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी पोरीचं कोपर सुजलं, अंग तापलं, तशी ती तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. चौगुले बाई शाळा सुटल्या सुटल्या तिथं धावल्या. डॉक्टर पोरगेलासा होता आणि त्याच्या दारात साठ माणसं होती. त्यानं पडद्यावर ईश्वरीचं नाव टाकलं. शाळेतल्या नोंदी सरळ तिथं उघडत.

‘‘दोन महिन्यांत घशाची लागण नाही,’’ तो वाचत म्हणाला. ‘‘मधे पाच दिवस आवाज मिळाला नव्हता, पण शिक्षकांनी घसा स्वतः पाहिलाय. ठीक आहे म्हणून नोंद आहे. म्हणजे हृदयाची शक्यता कमीच. विषाणूचा ताप असेल. सोनोग्राफीसाठी नाव टाकतो, पण यंत्र तारीख देतंय चार महिन्यांनंतरची. ज्यांची लागण नोंदलेली असते त्यांना आधी घेतं ते.’’

बाजूला रुबीना सिस्टर उभी होती. रुबीना मुजावर पूर्वी दर महिन्याला शाळेत येऊन पोरांना रांगेत उभं करून घसे बघायची. कान आल्यापासून तिची फेरी बंद झाली होती. तिनं ईश्वरीच्या कपाळावर हात ठेवला.

‘‘खरं सांग बाळा, मधे घसा दुखला होता काय गं?’’

ईश्वरीनं बाईंकडं बघितलं. जरा वेळ बघितलं.

‘‘न्हाई,’’ ती म्हणाली.

आणि बाई गप्प बसल्या. तोंड उघडायला त्यांना पुष्कळ वेळ होता. रांगेतला पुढचा माणूस आत येईपर्यंत वेळ होता. त्या बोलल्या नाहीत.

बाहेर पडताना रुबीनानं त्यांना गाठलं. ‘‘पाची दिवस बघितला होता न्हवं घसा, बाई?’’

‘‘म्हणजे काय!’’ बाई म्हणाल्या. आवाज जरा वरच लागला.

दुखणं कमी व्हायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी एका दिवसात सूज उतरली आणि पोरगी शाळेत हजर! सगळ्यांना हायसं वाटलं, बाईंना सोडून. त्यांनी पुस्तकं काढून वाचली, आणि सगळीकडं तेच लिहिलेलं: गोळीनं सांधा झटक्यात बरा होतो, त्यावर जाऊ नका. मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी उभ्या राहून ईश्वरीला बघत. जिन्याच्या सहाव्या पायरीवर ती थांबली. आठवीवर पुन्हा थांबली. चौथीतली पोरं तिच्या अंगावरून वर पळाली. बाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. चहा गार झाला. घरी भाजी करपली. रविवारी सकाळी त्यांनी घासलेली भांडी परत घासायला घेतली.

शनिवारी त्यांनी हेडसरांना अर्धवट सांगून बघितलं होतं.

‘‘अहो बाई, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय?’’ खोत सर म्हणाले. दार लावून घेतलं त्यांनी. ‘‘खोटी नोंद म्हणजे चौकशी. ढाल परत जाईल. तुमचं जाऊ द्या, शाळेचं काय? पोरगी बरी आहे की आता. चार महिन्यांनी तपासणी आहेच.’’

वाईट माणूस नव्हता तो. पण चार महिने म्हणजे काय, हे त्यानं वाचलं नव्हतं. चार महिन्यांत जंतू पुन्हा घशात येऊ शकतो, आणि आधीच सुजलेल्या झडपेवर दुसरा घाव बसू शकतो. बाईंनी वाचलं होतं. त्यांना आता एक क्षण धीर निघेना. रविवारी दुपारी, हाताला भांड्यांची राख तशीच, त्या चपला घालून निघाल्या.

मागाच्या शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू होते. तिथं माणसं खुणांनीच बोलतात. रेश्मा कोपऱ्यात यंत्रावर कांड्या भरत बसली होती. बाईंना बघून लगबगीनं उठली, पदरानं स्टूल पुसलं.

‘‘रेश्मा, मला एक सांगायचंय!’’

‘‘ऑं?’’

‘‘ईश्वरीचा घसा दुखत होता! स्पर्धेच्या आधी!’’

‘‘स्पर्धा? व्हय बाई, लई झ्याक गायली! समदी म्हणत्यात!’’

‘‘घसा! घसा गं! मला माहीत होतं!’’

रेश्मानं हसून कानाकडं हात नेला, ऐकू येत नाही. बाईंनी श्वास घेतला आणि आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं तसा पोटातून आवाज काढला. नेमकी तेवढ्यात लाईट गेली. चोवीस माग एकामागून एक थांबले, आणि त्या शांततेत बाईंचं वाक्य शेडभर घुमलं.

‘‘मी तिला कानांपासून लपवलं!’’

माना वळल्या. कुणीतरी तपकिरीची डबी बंद केली, तोही आवाज आला. बाई थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुन्हा जमलं नसतं. ओठ हलवायला सांगितलं ते, ज्येष्ठमध, बटण, पाच दिवस, सगळं त्यांनी त्या दहा-पंधरा माणसांसमोर सांगितलं. रेश्मा ऐकत राहिली. तिच्या हातात अर्धी भरलेली कांडी होती, तिचं सूत ती बोटाला गुंडाळत होती.

‘‘तुम्ही म्हनला तेल चोळ,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘मी चोळलं.’’

‘‘हो.’’

‘‘आता दवाखान्यात कवा न्यायचं, तेवढं बोला.’’

बाईंनी फोन काढला. नोंद दुरुस्त करायचा रकाना उघडला. ‘घसा पाहिला नव्हता. लक्षणे होती.’ पाच तारखा. फोननं विचारलं: ही दुरुस्ती मागे घेता येणार नाही, आपल्या सेवापुस्तकात तिची नोंद होईल, पुढे जायचे? बाईंनी अंगठा ठेवला. या खेपेला अर्ध्या सेकंदापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला. मग पडद्यावर एक चाक फिरलं, आणि चार महिन्यांनंतरची तारीख पुसली गेली.

‘‘उद्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘उद्या अकरा वाजता. कोल्हापूरला.’’

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ईश्वरीच्या छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर काळ्यापांढऱ्या सावल्यांत झडप उघडत होती, मिटत होती. रक्त पुढं जाताना निळं दिसायचं. प्रत्येक वेळी झडप मिटली की एक बारीक लाल चिळकांडी उलटी मागं यायची.

‘‘हे बघा, इथं गळतीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थोडी आहे. आत्ता आलात ते बरं झालं. आधी महिनाभर सक्त विश्रांती. आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तरी. एकही चुकवायचं नाही. घशात जंतू पुन्हा बसू दिला नाही, तर ही झडप सुधारूसुद्धा शकते. चार महिन्यांनी आला असतात तर मी असं म्हटलं असतं का, सांगता येत नाही.’’

बाहेर बाकावर ईश्वरी बाईंच्या शेजारी येऊन बसली. त्यांच्या कानाशी लागली.

‘‘बाई, मी कुणाला सांगितलं न्हवतं. सिस्टरनं इचारलं तरी न्हाई. देवाशप्पथ.’’

बाईंना रडू फुटलं. तिथंच, सगळ्या बायाबापड्यांसमोर. ही पोर आपली पाठ राखत होती, आणि आपण तिला तेच शिकवलं होतं! रेश्मा औषधाचा कागद घेऊन आली, तिनं ईश्वरीला हाताला धरून उठवलं.

‘‘बाई, तुम्ही खरं बोललासा, त्ये मी इसरणार न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पर आता माझ्या पोरीशी बोलू नगासा. तुम्ही बोलता, आन ती ऐकती.’’

पुढं जे व्हायचं ते झालं. चौकशी झाली. ढाल परत गेली. खोत सरांनी ती स्वतः नेऊन दिली आणि आठवडाभर बाईंकडं बघितलं नाही. गाण्याचा वर्ग बाईंकडून काढून घेतला. जूनपासून बदली ठरली, चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत. करड्या रंगाचं बटणही बदललं: आता घशाचा फोटो काढल्याशिवाय ते दाबलंच जात नाही. रुबीना सिस्टरची फेरी पुन्हा सुरू झाली, महिन्यातून एकदा. ‘‘तुमच्यामुळं माझी नोकरी परत आली, बाई,’’ ती चेष्टेनं म्हणाली. बाईंना हसता आलं नाही.

दोन महिन्यांनी ईश्वरी शाळेत परतली. पळायचं नाही, खेळायचं नाही, तिसऱ्या बाकावर बसायचं. बाईंनी नाव पुकारलं की ‘‘हजर’’ म्हणायची आणि मान खाली घालायची. ‘हजर बाई’ नाही, नुसतं ‘हजर’. पोर आईचा शब्द पाळत होती. बाईंनीही पाळला. पण एकविसाव्या दिवशी त्यांची नजर सकाळपासून तिच्या बाकावर असायची, आणि बाक रिकामा दिसला, म्हणजे इंजेक्शनला गेली म्हणून कळलं, की मगच त्या हजेरी पुरी करायच्या.

मार्चमधला एक परिपाठ. पेटीवर आता दुसरे सर. चौगुले बाई मागं, शेवटच्या रांगेशी उभ्या. प्रार्थना सुरू झाली. ईश्वरी गात होती. आवाज पूर्वीइतका वर जात नव्हता, मधेच दमासाठी तुटत होता, पण गात होती. बाई डोळे मिटून तेवढाच एक आवाज ऐकत होत्या.

आणि तो आवाज एकदम थांबला.

बाईंनी डोळे उघडले. ईश्वरी शेजारच्या रांगेतल्या तिसरीतल्या एका बारक्या पोरीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. शंभर पोरं गात होती, वर सहा कान ऐकत होते, आणि ती बारकी मोठ्या भक्तिभावानं, डोळे मिटून, तोंड उघडझाप करत होती.

‘‘बाई!’’

प्रार्थना फाटली. पेटी थांबली. सगळा हॉल वळून बघायला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा ईश्वरीनं त्यांना हाक मारली होती.

‘‘बाई, ही नुसते ओठ हलवतीया!’’

बाई पोरांच्या रांगांतून वाट काढत धावल्या. बारकी घाबरून रडायलाच लागली. ‘‘घसा दुखतोय,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘आईनं सांगितलं, गाऊ नकोस, सहल चुकंल.’’

‘‘असू दे, बाळ. कुणी रागवत नाही. आ कर.’’ बाई खाली गुडघ्यावर बसल्या. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात टॉर्च, दोन्ही आता रोज त्यांच्या पिशवीत असत. हात इतका थरथरत होता की उजेड पोरीच्या नाकावर, गालावर, कुठंही पडत होता, घशात सोडून.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातातून टॉर्च काढून घेतला.

‘‘द्या हिकडं. मी धरतो,’’ ईश्वरी म्हणाली. तिनं उजेड नीट आत पाडला आणि हात स्थिर ठेवला. ‘‘दिसतंय काय, बाई?’’

घसा लालभडक होता, त्यावर पांढरे ठिपके.

‘‘दिसतंय गं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दिसतंय.’’